पारांग ला ठाण्यातून: आधी दिवस मोजा, सामान नंतर

सुट्टी किती मिळतेय ते आधी पक्कं करा, ट्रेक त्यानंतर. हे मुद्दाम सुरुवातीलाच लिहितेय, कारण ठाणे, कळवा, वाशी, खारघर इकडचे कितीतरी दमदार ट्रेकर, म्हणजे अलंग-मदन-कुलंग करून आलेले, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेले, हिमालयातला लांबचा ट्रेक ठरवताना आधी बुटांचं विचारतात, मग जॅकेटचं, आणि दिवसांचं काढलं की म्हणतात बारा-तेरा दिवसांत बसवू कसंतरी. साडेपाच हजार मीटरची खिंड आणि आठ-नऊ दिवस गाडीरस्ता नाही, असा ट्रेक कसातरी बसत नाही. त्यातून माणसं आजारी पडतात आणि मग पूर्ण ग्रुपचे हाल होतात.

उदाहरण म्हणून पारांग ला घेते ('ला' म्हणजे खिंड). स्पितीतलं किब्बर ते लडाखमधलं त्सो मोरिरी तलावाकाठचं कारझोक अशी ही वाट, मध्ये साधारण ५५८० मीटरवर खिंड. पूर्वी स्पितीचे लोक याच वाटेने लडाखशी व्यापार करायचे. मध्ये एकही पक्कं गाव नाही, उन्हाळ्यात चांगपा या भटक्या मेंढपाळांचे तंबू आणि त्यांच्या शेळ्या-मेंढ्या दिसल्या तर दिसल्या. खाली जे लिहिलंय ते याच वाटेचं आहे पण पिन पार्वतीची खिंड असो की झांस्करमधलं काही, हिशोब करायची पद्धत तीच राहते.

पहिल्यांदाच हिमालयात जाणार असाल तर मात्र हा ट्रेक नको, अगदी मनापासून सांगते. आधी मनालीजवळचा हम्प्टा पास करा, मग एखाद्या वर्षी काफनूहून भाबा पास ओलांडून पिन खोऱ्यात मुद गावाला उतरा, जवळपास ४९०० मीटरवर आपलं शरीर काय म्हणतं ते कळू द्या, आणि मग इकडे या.

आता नकाशा समोर घ्या आणि मुक्कामांची उंची लिहून काढा. किब्बर ४२०० च्या वर. तिथून डुमला, मग खोल घळीत उतरून पलीकडे चढून थालटाक, ते ४६०० च्या पुढे, मग बोरोगेन साधारण ५१५०, दुसऱ्या दिवशी खिंड. खिंडीपलीकडे खारसा गोंगमा पाच हजाराच्या आसपास, पुढे दातांग योंगमा, राचोलामो, नोरबू सुमदो, मग तलावाचं दक्षिण टोक कियांगडोम आणि शेवटी कारझोक. आणि कारझोकसुद्धा साडेचार हजार मीटरवरच! म्हणजे काय होतं बघा, खिंड ओलांडली की "चला आता उतरलो" असं वाटतं, पण उतरून उतरून जाणार कुठे, चार-पाच दिवस चाललात तरी साडेचार हजाराच्या खाली जमीनच नाहीये, आणि खरं खाली यायचं तर गाडीने लेहपर्यंत, दोनशेहून जास्त किलोमीटर. उंचीच्या गंभीर आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली नेणं, आणि या वाटेवर तो उपाय फक्त खिंडीच्या अलीकडे हाताशी आहे. त्यामुळे परत फिरायचं की नाही हा निर्णय बोरोगेनच्या तळावर घ्यायचा, खिंडीवर पोचून नाही. ग्रुपमधल्या एकाचं जरी त्या संध्याकाळी डोकं दुखत असेल आणि जेवण जात नसेल तर दुसऱ्या दिवशी खिंड नाही, हे ठाण्यातच बसून सगळ्यांनी कबूल करायचं. तिथे थंडीत, एवढे पैसे आणि रजा घालवून आल्यावर कोणाला शहाणपण सुचत नाही.

कुठल्याही दुर्गम ट्रेकला प्रत्येक मुक्कामासमोर दोन गोष्टी लिहा: इथे कोणी आजारी पडलं तर उतरायचं कुठल्या बाजूला, आणि तिथून गाडी किती तासांवर. जिथे उत्तर लिहिता येत नाही तिथे पोचायच्या आधी एक जास्तीचा दिवस ठेवा.

दिवसांचा हिशोब आता. आपण समुद्रसपाटीवर राहणारी माणसं. ५५०० मीटरवर हवेचा दाब इथल्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजन निम्माच. शरीर त्याला सरावतं पण त्याच्या वेगाने सरावतं, तुमच्या रजेच्या वेगाने नाही. डॉक्टर मंडळी साधारण असं सांगतात की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर चढून यायला हरकत नाही, उलट चांगलंच, रात्र खाली काढायची. आणि फिटनेसचा याच्याशी संबंध फार कमी आहे, मॅरेथॉन पळणाऱ्याला त्रास होतो आणि शेजारचा पोट सुटलेला माणूस मजेत असतो, असं अगदी होतं. उलट फिट माणूस भरभर चढतो म्हणून जास्त अडकतो.

म्हणून स्पितीत मनालीकडून शिरू नका. अटल बोगद्यातून निघालं की त्याच दिवशी ४५०० मीटरच्या वरचा कुंझुम ला ओलांडून संध्याकाळी काझाला ३६००-३७०० मीटरवर झोपायचं, हे शरीराला जड जातं. शिमल्याहून किन्नौरमार्गे या. दिवस जास्त लागतात पण ते दिवस वाया जात नाहीत, ट्रेकचा पाया तिथेच घातला जातो. शिमला, सराहन, मग कल्पा २९०० च्या आसपास, मग नाको किंवा ताबो, मग काझा. वाटेत सुमदो लागतं, तिथे पारेछू नदी स्पितीला मिळते. ही नदी पारांग लाच्याच पलीकडच्या उतारावरून निघते, लडाखातून तिबेटात जाते आणि फिरून इथे परत भारतात येते. तिबेटात दरड कोसळून हिच्या पात्रात तळं तयार झालं होतं, ते जून २००५ मध्ये फुटलं आणि सतलजच्या खोऱ्यात पूर आला. सुमदोला गाडी थांबवून तिच्याकडे नीट बघून घ्या, पुढे नोरबू सुमदोला तुम्हाला हीच नदी पायी ओलांडायचीय.

काझाला दोन रात्री. मधल्या दिवशी लांग्झाला, ४४०० मीटरवर, जाऊन या. मग किब्बरला दोन रात्री, मधल्या दिवशी चिचमकडे चालत जा, तो २०१७ चा दरीवरचा पूल बघा, पूर्वी तिथे लोक तारेवरच्या पाळण्यातून ये-जा करायचे. त्यानंतर ट्रेक सुरू.

सगळं जोडून बघू. ठाण्यातून शिमला दोन दिवस, तिथून काझापर्यंत चार, काझाला एक दिवस, किब्बरला जाणं आणि थांबणं दोन, ट्रेक नऊ, वर जास्तीचे दोन, कारझोक ते लेह एक, लेहमध्ये एक राखीव, आणि परतीचं विमान. तेवीस दिवस. ऐकून धसकायला होतं, पण शनिवारी निघून तिसरा आठवडा संपता रविवारी घरी आलात तर शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांच्या रजा पडतात फक्त पंधरा. उदाहरणार्थ २०२६ मध्ये २५ जुलैला निघालात तर १६ ऑगस्टला घरी. गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे गावी जायचं बुडत नाही आणि घरचे चिडत नाहीत, हा मुद्दा आपल्याकडे लहान नाही. पंधरा रजा मिळत नसतील तर ट्रेक बदला, राखीव दिवस कापू नका. ते दोन दिवस म्हणजे एक खिंडीच्या अलीकडे आणि एक नद्यांसाठी, आणि नाही लागले तर त्सो मोरिरीच्या काठावर पाय पसरून बसा, २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेला तलाव आहे, पट्टकादंब हंस आणि काळ्या मानेचे क्रौंच तिथे वीण घालतात, कियांग म्हणजे रानगाढवांचे कळप असतात, दोन दिवस कमी पडतील.

हंगाम मधला जुलै ते सप्टेंबरची सुरुवात. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस कमी, पण तिथपर्यंतचा रस्ता भर पावसाळ्यातून जातो आणि किन्नौरमध्ये दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात पुरांनी आणि दरडींनी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. रस्ता एक दिवस बंद राहिला तरी वेळापत्रक मोडणार नाही अशी सोय हवी, म्हणून काझा आणि किब्बरचे दिवस कुठल्याही कारणाने कमी करायचे नाहीत, कमी करायचेच झाले तर परतीकडचे करा.

जायला कल्याणहून राजधानी पकडून दिल्ली आणि तिथून रात्रीची बस शिमल्याला, हे सरळ पडतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, त्यामुळे परत आल्या आल्या सोमवारी ऑफिसमध्ये महत्त्वाची मीटिंग ठेवू नका.

आता तयारी. चार महिने हातात ठेवा, म्हणजे जुलैअखेर निघायचं तर मार्चअखेरीस सुरू. उन्हाळ्यात आपल्याकडे सातनंतर अंग चिकचिकतं, त्यामुळे पहाटे येऊरचा चढ किंवा खारघर-बेलापूरच्या टेकड्या, जे जवळ असेल ते. आठवड्यातून तीन दिवस एक-सव्वा तास, एक दिवस लांब. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहात असाल तर तुमच्याकडे जिना आहे, तो वापरा. एक मजला साधारण तीन मीटर धरा, वीस मजले म्हणजे साठ मीटर, सात फेऱ्या केल्या की ४२० मीटर, बोरोगेनच्या तळावरून खिंडीचा चढ साधारण तेवढाच भरतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, पाच किलोपासून सुरू करून दहापर्यंत न्या. आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. मांड्यांचे पुढचे स्नायू उतरतानाच खरे तयार होतात, आणि डुमलाच्या पुढे जी घळ उतरायची आहे तिथे गुडघे बोलतात. वॉचमनला आधी सांगून ठेवा म्हणजे रोज विचारपूस होणार नाही.

शनिवारी आसनगाव लोकलने माहुली, रविवारी दमलेल्या पायांनी परत येऊर, असे लागोपाठचे दोन दिवस महिन्यातून दोनदा तरी करा. एका दिवसाचा ट्रेक सगळेच करतात, दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून निघणं ही वेगळी सवय आहे आणि तिकडे ती नऊ दिवस लागते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वाटा शेवाळतात, धबधब्यांच्या वाटा तर सोडाच, वनखात्याने बंद केलेल्या ठिकाणी जायचं नाही. कळसूबाई बारीतून चढून-उतरून या, नेहमीच्या गतीने नाही तर बोलता येईल एवढ्याच गतीने, न थांबता. ही गती शिकणं हीच खरी तयारी. नवे बूट असतील तर याच पावसात ते पायाला बसवून घ्या.

डॉक्टरांकडे निदान दीड महिना आधी जा. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, आणि वय चाळीसच्या पुढे असेल तर हृदयाची तपासणी. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तिच्याबद्दल त्यांनाच विचारा. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती चालत नसू शकते, त्यामुळे व्हॉट्सॅपवर विचारून घ्यायची ही गोळी नाही. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, हे घरी एक-दोन दिवस घेऊन बघितलेलं असलं की तिकडे घाबरायला होत नाही. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन या आणीबाणीच्या गोळ्या किटमध्ये हव्यात पण कधी, किती, कोणाला हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद किटमध्येच ठेवा.

लक्षणं सगळ्या ग्रुपला पाठ हवीत. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर. वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतात, म्हणजे बहुतेक वेळा रात्री. डोकं दुखतंय आणि सोबत यातलं आणखी काही आहे तर तो उंचीचा त्रास समजूनच चालायचं, "ऊन लागलं असेल", "काल झोप नाही झाली" वगैरे नंतर. पुढचा मुक्काम वर नाही, विश्रांती, आणि वाढलं तर खाली. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, ओठ निळसर, तर फुफ्फुसात पाणी भरतंय, तेव्हा रात्र आहे, पाऊस आहे असं काही बघायचं नाही, खाली. मेंदूला सूज येतेय का हे बघायची सोपी पद्धत म्हणजे तंबूबाहेर सपाट जागेवर एका रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगायचं. निरोगी माणूस चालतो. तोल जात असेल, हात पसरावे लागत असतील, किंवा "मला नाही चालायचं" म्हणून चिडत असेल, तर माणूस गंभीर आजारी आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी ही पावलं टाकायची, सवय म्हणून, म्हणजे ज्याला खरंच त्रास होतोय त्याला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

ऑक्सिमीटर न्या, पण आकड्याच्या मागे लागू नका. साडेचार हजारावर ऐंशीच्या घरातला आकडा चांगल्या माणसालाही दिसतो, आणि बोटं गार असली की काहीही दाखवतो. लक्षणं मोठी, आकडा छोटा. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटांत संपतात, त्यावर पैसे घालवू नका. घोडे आहेत तर रेग्युलेटरसकट खरा सिलेंडर न्या.

घोड्यांचं बोलायचं तर पारांग लावर घोडे जातात, पिन पार्वतीसारखे फक्त पोर्टर लागत नाहीत. गाईड आणि घोडेवाले किब्बर किंवा काझाचेच घ्या, दिल्ली-मुंबईच्या मधल्या माणसाला पैसे देऊन शेवटी तीच माणसं येतात. बोलणी करताना एक गोष्ट स्पष्ट करा: घोडेवाल्याला कारझोकहून परत किब्बरला चालत यायचं असतं, त्या परतीच्या दिवसांचे पैसेही द्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे. हा खर्च धरला नाही की शेवटच्या दिवशी वाद होतो. राखीव दिवस लागले तर त्यांचे पैसे किती हेही आधीच. आणि त्यांचा तंबू, त्यांचं जेवण, त्यांची गरम कपड्यांची सोय तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. सगळं रोखीने, काझ्याच्या एटीएमवर विसंबू नका, पुढे तर काहीच नाही. कारझोकहून लेहची गाडीसुद्धा आधी ठरवून ठेवा, तिथून रोज बस नसते.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच्यावर लोक कमी विचार करतात. साधारण ३०० मीटर चढलं की पाणी उकळायचं तापमान एक अंशाने उतरतं, म्हणजे साडेचार हजारावर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. बुडबुडे येतायत, वाफ येतेय, पण तूरडाळ तासभर ठेवली तरी कण राहतो आणि रॉकेल मात्र संपत जातं. प्रेशर कुकर न्यायचाच, रिंग आणि शिट्टी जास्तीची घ्यायची, आणि डाळ मूग किंवा मसूर. उंचीवर भूक मरते, गोड तोंडात फिरतं, आंबट-खारट बरं लागतं, म्हणून लिंबाचं लोणचं, कोकम आगळ, लसणाची चटणी, मेतकूट. मऊ भात, मेतकूट, वर तूप, हे ज्याला काही जात नाही त्यालाही जातं. चालताना खायला शेंगदाण्याचे लाडू, खाकरे, चिवडा, सातूचं पीठ. मेतकूट, लोणची, चटण्या घरून, पीठ-तांदूळ-भाज्या काझाच्या बाजारातून. पाणी रोज तीन-चार लिटर, क्लोरिनच्या गोळ्या टाकून. गॅसचे कॅन विमानात चालत नाहीत, आणि साधा ब्युटेन शून्याच्या खाली पेटतच नाही नीट, त्यापेक्षा घोडेवाल्यांचा रॉकेल स्टोव्ह बरा.

सामानात तीन गोष्टींवर खर्च करा: बूट, स्लीपिंग बॅग, गॉगल. बॅगेवर दोन आकडे असतात, त्यातला कम्फर्टचा उणे दहा असलेली घ्या, खालचा जो लिमिटचा आकडा असतो तो झोपेचा नाही. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, ठाण्यात तीस असताना बोरोगेनला रात्री काय होईल हे तुम्हीच मांडा. खिंडीवर बर्फ असतो, गॉगलशिवाय चाललं तर डोळे जातात, थोडे दिवस का होईना. घोडेवाल्यांसाठीही गॉगल न्या. बाकी थर्मल, फ्लीस, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, मायक्रोस्पाइक्स (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे खिळे), एवढं पुरतं, बरंचसं भाड्याने मिळतं. खिंडीच्या पलीकडे उत्तर उतारावर हिमनदी आहे, बर्फाखाली भेगा असतात, म्हणून पहाटे निघायचं आणि गाईडच्या मागे एका रांगेत त्याच्याच पावलांवर पाय ठेवत उतरायचं. बर्फावरचं नीट शिकायचंय तर मनाली किंवा उत्तरकाशीच्या संस्थेचा बेसिक कोर्स करा. आणि या वाटांवर जाऊन आलेल्या लोकांशी बोलायचं तर मुलुंडला गिरिमित्र संमेलन होतं, आपल्या अगदी दारात, तिथे जाऊन प्रश्न विचारा, गिर्यारोहक मंडळी हातचं राखून बोलत नाहीत.

नदी. नोरबू सुमदोजवळ पारेछूचं पात्र रुंद होतं आणि पाणी चार-पाच धारांत वाहतं. ते वितळलेल्या बर्फाचं पाणी, म्हणून सकाळी कमी आणि दुपारनंतर चढत जातं. आदल्या दिवशी असा मुक्काम करा की सकाळी लवकर काठावर पोचाल. बूट काढून सॅकवर, पायात पट्ट्यांचे सँडल, अनवाणी अजिबात नाही, गोट्यांवर पाय बधिर झाला की कापलेलं कळतही नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक सोडता आली पाहिजे. तोंड पाणी जिकडून येतंय त्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, आधी काठी मग एक पाय मग दुसरा, तिघा-चौघांनी एकमेकांच्या खांद्यांना धरून आडवं सरकायचं. पाणी जिथे पसरट आणि फेसाळ दिसतं तिथे उथळ असतं, जिथे शांत आणि काळपट तिथे खोल. पाणी मांडीच्या वर येतंय तर मागे फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या, दुसरा राखीव दिवस यासाठीच. नदीच्या कडेकडेने पुढे चुमारकडे मात्र जायचं नाही, तो सीमेलगतचा संवेदनशील भाग आहे.

परवान्यांचे नियम त्या बाजूला बदलत असतात. निघायच्या महिन्यात लेहच्या जिल्हा प्रशासनाकडून आणि काझाच्या प्रशासनाकडून ताजी माहिती घ्या, आधार कार्ड मूळ आणि पाच-सहा झेरॉक्स जवळ ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाही, परदेशातून भाऊ घेऊन आला असला तरी नाही. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा नाहीतर बॅटरी बसते, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि त्याची एक छापील प्रतही.

विमा काढताना फक्त "अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स कव्हर" एवढं वाचून थांबू नका. किती मीटरपर्यंत, आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, हे लेखी मागा. धरला असला तरी हेलिकॉप्टर बोलावल्यावर लगेच येत नाही, प्रशासनामार्फत जावं लागतं, हवा लागते, वेळ जातो. पहिले चोवीस तास आपली मदत आपणच, असं धरून किट भरा.

शेवटचं काम निघायच्या आदल्या आठवड्यात, घरच्यांसोबत बसून. किब्बर सोडलं की कारझोकपर्यंत फोन लागेल असं धरायचंच नाही. एका कागदावर रोजचा मुक्काम आणि तारीख, सगळ्यांची नावं, रक्तगट, अ‍ॅलर्जी, विम्याचा नंबर, गाईडचा आणि त्याच्या किब्बरच्या घरचा फोन, काझा आणि लेहच्या प्रशासनाचे फोन, आणि तळाला एक तारीख ठळक अक्षरात: ठरलेला कारझोकचा दिवस अधिक दोन राखीव दिवस अधिक एक. हा कागद अशा माणसाकडे द्या जो घाबरणार नाही आणि विसरणारही नाही, बऱ्याचदा ते आई-बाबा नसतात, मोठी बहीण किंवा ग्रुपमधला न आलेला मित्र बरा. त्या तारखेच्या आधी कोणी कुठेही फोन करायचा नाही, आणि त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तुमचा फोन आला नाही तर आधी गाईडच्या घरी, मग काझा, मग लेह, याच क्रमाने लावायचे.